स्ट्रॉबेरीचा पाक

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी मागे टाकली, की महाबळेश्वरच्या वाटेवर गुरेघर लागते. सुट्टीच्या दिवसांत येथे मोटारींची रांग लागते ती मॅप्रो उद्यानासाठी. महाबळेश्वरला जाऊन एखादे प्रसिद्ध टोक पाहायचे राहिले तर घरातील मुले तक्रार करीत नाहीत. हे उद्यान राहिले तर मात्र परतीचा प्रवास वडीलधाऱ्यांना जड जातो. मुले काचेला नाक लावून चॉकलेट तयार होताना पाहतात, सरबतांचे नमुने चाखतात, आणि थोरली मंडळी जॅमच्या बाटल्यांचे ओझे सावरीत बाहेर पडतात.

ह्या गजबजाटामागे एका अतिशय नाजूक फळाची अडचण आहे. आंबा पाडाला लागताच उतरवून त्याची अढी घालता येते. स्ट्रॉबेरीची अढी घालता येत नाही. एकदा खुडली, की ती पुढे पिकत नाही, गोडही होत नाही. नासते मात्र लवकर. म्हणून ती पुरती लाल झाल्यावर, सकाळच्या गारव्यात, देठासकट अलगद खुडावी लागते. डागाळलेले, वाकडे किंवा जरा दबलेले फळ मुंबई-पुण्याच्या बाजाराची वाट धरू शकत नाही. चवीत ते उणे नसते. प्रवासाला उणे असते. अशा फळाला गावातच गिऱ्हाईक मिळाले नाही, तर वर्षभराची मेहनत बांधावर सडते. १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी पाचगणीत लहान प्रमाणावर जॅमचा उद्योग सुरू केला, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला तो पुष्कळ नंतर, २०१० मध्ये.

जॅम म्हणजे आपला मुरांबाच, असे एखादी आजी नातवाला सांगते. ते बरेचसे खरे आहे. दोहोंत फळ टिकते ते साखरेमुळे. साखर पाणी बांधून ठेवते आणि बुरशीला ते मिळू देत नाही. पण मुरांब्यात फोड फोडच राहते आणि भोवती पाक असतो. जॅममध्ये फळ आणि पाक एकजीव होऊन थिजावे लागतात. हे थिजणे घडवते फळातील पेक्टिन, आणि त्याला आंबटपणाची जोड लागते. पेरूत पेक्टिन भरपूर. स्ट्रॉबेरी ह्या बाबतीत गरीब. त्यामुळे तिच्या जॅममध्ये ते बाहेरून घालावे लागते. आपल्याकडील नियमाने बहुतेक जॅममध्ये फळ शेकडा ४५ हवे, स्ट्रॉबेरीला मात्र शेकडा २५ पुरते. बाटली विकत घेताना तिच्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय मुलांना लावण्यास ही जागा उत्तम आहे.

पाक झाला हे ओळखायचे कसे? आजी चिमटीत थेंब धरून तार पाहते. कारखान्यात रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणाच्या काचेवर थेंब ठेवतात. त्यातून जाणारा प्रकाश किती वळला यावरून विरघळलेल्या साखरेचे प्रमाण कळते. ते शेकडा ६५ च्या पुढे गेले, की आच बंद. उघड्या कढईत उष्णतामापकानेही हे समजते. समुद्रकाठी जॅम सुमारे १०५ अंशांवर उतरवतात. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंच. तेथे पाणीच ९५-९६ अंशांना उकळते. मुंबईचा आकडा डोक्यात ठेवून तेथे कढई तापवीत बसणाऱ्याचा पाक करपेल. आजीच्या चिमटीला मात्र डोंगर आणि समुद्र सारखेच.

अशा उद्यानांत मनाला एक गोष्ट खटकते. काचेपलीकडे जे दिसते ते चॉकलेट. त्याचा कोको ह्या डोंगरावर पिकत नाही. ज्या फळाच्या नावाने सारी जत्रा भरते, ते मुलांच्या हाती येते साय घातलेल्या पेल्यात. ही सहल वाफ्यापासून सुरू व्हावी. मुलाने वाकून फळ खुडावे, दोन-चार चेंबवावीत, म्हणजे खुडणाऱ्या बायका दिवसभर काय सांभाळतात ते त्याच्या बोटांना कळेल. ह्या भागातील काही शेतकरी पाहुण्यांना शेतात नेतातही. गुरेघरची पाटी पाहून थेट उद्यानात शिरणाऱ्यांनी आधी तासभर तिकडे घालवावा.

मात्र त्यासाठी हंगाम गाठायला हवा. पावसाळा सरता सरता रोपे लागतात. फळ हिवाळ्यात धरते आणि उन्हाळ्याबरोबर संपते. मग महाबळेश्वरचा पाऊस येतो, आणि त्यात हे पीक तगत नाही. पुढच्या सालची रोपे त्या वेळी घाटाखाली, वाईकडच्या कमी पावसाच्या भागात, वाढत असतात. उद्यानातील फळ्यांवर बाटल्या मात्र तशाच लाल दिसतात, आणि जुलैच्या धुक्यात आलेला एखादा मुलगा शेत कुठे आहे म्हणून विचारतो.