नऊ मीटरचं भांडण
(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आठवणी माझ्याआधी बोललेल्या तिघांनी संपवल्या. मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं, पीटीचा तास, तलावपाळीवरची भेळ, सगळं होऊन गेलं. त्यामुळे संयोजकांनी दिलेली पंधरा मिनिटं मी आपल्या ग्रुपवर चार महिने चाललेल्या भांडणासाठी वापरणार आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचं काय करायचं, हे ते भांडण. ज्यांना हा विषय जेवणाआधी नको असेल त्यांनी खुशाल बाहेर जाऊन फोटो काढावेत, मला राग येणार नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतीचं वय ३० च्या पुढे गेलं की तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते करणाऱ्यांपैकी मी एक. हातोडी घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात ठोकत फिरतो. प्लास्टरमागून पोकळ आवाज आला की घरातली काकू हमखास विचारते, 'चहा टाकू ना?' तिलाही तो आवाज कळलेला असतो. पण माझ्या तोंडून ते वाक्य लवकर ऐकायचं नसतं.

आपण शाळेत होतो तेव्हा ठाण्यात जी तीन-चार मजली बांधकामं धडाधड उभी राहत होती, त्यांतली बरीचशी आज माझी गिऱ्हाइकं आहेत. त्यांचं दुखणं बहुतेक एकसारखं. खाडीची रेती नीट न धुता वापरलेली, म्हणजे काँक्रीटमध्ये पहिल्या दिवसापासून मीठ. सळईवरचं काँक्रीटचं आवरण पातळ. वर संडास-बाथरूमची गळती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की आजूबाजूचं काँक्रीट फोडते. मग आपण त्यावर पुट्टी मारून गणपतीच्या आधी रंग काढतो.

२०१५ चा पावसाळा आठवतोय? २८ जुलैला ठाकुर्लीत मातृछाया कोसळली. बरोबर आठवड्याने, ४ ऑगस्टला, पहाटेच्या अंधारात आपल्या नौपाड्यात बी केबिनला कृष्णा निवास कोसळली. दोन्हीकडे माणसं गेली. त्याआधी २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याला लकी कंपाउंडमध्ये ७४ जण गेले होते. पण ती इमारत अर्धवट बांधलेली आणि बेकायदा होती, आणि 'आपल्यात असं होत नाही' असं म्हणून आपण पान उलटलं होतं. बी केबिननंतर तसं म्हणता येईना.

महापालिका धोकादायक इमारतींचे चार वर्ग करते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्त करायची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ही वर्गवारी इंजिनिअरच्या अहवालावर ठरते, आणि खरं भांडण तिथेच सुरू होतं. मालकाला सी-१ हवं असतं आणि भाडेकरूला सी-२बी. एकाच इमारतीचे दोन इंजिनिअरांनी दिलेले दोन उलटे अहवाल मी पाहिले आहेत. काँक्रीट एकच होतं, फी देणारे वेगळे होते.

भाडेकरू का अडून बसतो, हे ग्रुपवरच्या फ्लॅटमालकांनी जरा समजून घ्यायला हवं. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. ते शीव-माहीमच्या पलीकडेच येत नाही, तर ठाण्यात कुठून असणार? इथे इमारत रिकामी केली की भाडेकरूच्या हातात उरतो तो त्याच्या जागेच्या मापाचा एक दाखला आणि मालकाचा शब्द. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलंय. पण हक्क शाबूत असणं आणि डोक्यावर छप्पर असणं यांत कधीकधी वीस वर्षांचं अंतर पडतं. पंच्याहत्तरीच्या माणसाकडे तेवढी वर्षं नसतात. म्हणून तो पावसाळ्यात जीव मुठीत धरून तिथेच राहतो. त्याला अडाणी म्हणू नका.

सोसायटीवाल्यांचं दुखणं निराळं. २०१९ च्या जुलैपासून ७९-अ खालच्या नव्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पूर्वी ७५ लागायची. सभेचं चित्रीकरणही करावं लागतं. काम सोपं झालं, हे खरं. पण ५१ विरुद्ध ४९ अशा सोसायटीत मी ऑडिटला जातो तेव्हा जिन्यात लोक एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

आता नऊ मीटर. नौपाड्यातल्या, गोखले रोडच्या मागच्या कितीतरी गल्ल्या सहा मीटरच्या आहेत. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर वापरता येत नाही. टीडीआर नाही म्हणजे जादा बांधकाम नाही. जादा बांधकाम नाही म्हणजे बिल्डरला विकायला काही नाही, आणि म्हणून बिल्डर फिरकत नाही. यावर मागणी अशी की सहाचे रस्ते नऊ करा. भूमितीच्या बाई समोर बसल्यात, त्यांच्या साक्षीने सांगतो: दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. कागदावर अगदी सरळ रेघ येते. पण जी इमारत पुनर्विकासाला जाईल तीच दीड मीटर सोडणार. तिची शेजारीण अजून पंचवीस वर्षं तशीच उभी. म्हणजे गल्ली दात पडलेल्या तोंडासारखी, कुठे रुंद, कुठे अरुंद. आणि त्या गल्लीत १६ घरांच्या जागी समजा ५० घरं आली, घरटी एक गाडी आली, तर अग्निशमनाचा बंब कुठून आत शिरणार? मला एका बिल्डरने उत्तर दिलं होतं, 'आतच स्प्रिंकलर लावतो ना साहेब.'

माझं मत विचाराल तर नौपाड्यासारख्या जुन्या भागात एकेक इमारत सुटी सुटी उंच करणं हा सगळ्यांत वाईट मार्ग आहे. इमारत नवी होते आणि गाव गुदमरतं. पूर्ण गल्लीचा एकत्र विचार हवा. त्यालाच आपण क्लस्टर म्हणतो. ठाण्याच्या क्लस्टर योजनेला २०१७ साली मंजुरी मिळाली. किसननगरपासून सुरुवात ठरली. तिथे २०२० मध्ये भूमिपूजन झालं आणि २०२३ मध्ये पुन्हा झालं. भूमी बरीच पुजली गेली आहे. गावठाणं आणि कोळीवाड्यांनी मात्र आम्हाला यात धरू नका म्हणून आवाज उठवला, आणि तो ऐकावा लागला. चेंदणीतले आपले दोघे-तिघे त्यात होते. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: आमचं घर म्हणजे अंगण आणि सुकी मासळी वाळवायची जागा धरून, चौरस फूट मोजू नका.

भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर क्लस्टरचं काम चालू आहे. तो दाखला ग्रुपवर वारंवार येतो. पण तिथे एकच विश्वस्त संस्था आहे, बहुतेक रहिवाशांचा तिच्यावर भरवसा आहे, आणि माणसांना आधी तात्पुरती घरं दिली, मग पाडलं. आपल्याकडे तो क्रम उलटा होईल, ही भीती आहे. ती निराधार नाही.

डोंबिवलीकरांना वाटत असेल की हे ठाण्याचं रडगाणं चाललंय. तुमच्याकडे तर नव्या इमारतींचंच रडगाणं आहे. ६५ इमारती, परवानग्या खोट्या, त्यांवर मिळवलेली रेरा नोंदणी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. घेणाऱ्यांनी रेराचा क्रमांक पाहिला, बँकेने कर्ज दिलं, हप्ते सुरू झाले. माणसाने अजून काय तपासायचं? बेकायदा बांधकामाला माझी सहानुभूती नाही, पण त्या घरांतल्या लोकांना बिल्डरच्या पंक्तीला बसवणं मला पटत नाही.

अलीकडची एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ठाण्याचा सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध झाला. कुठला रस्ता रुंद होणार, कुठे आरक्षण पडणार, हे त्यात असतं. त्यावर हरकत घ्यायला मुदत असते, लेखी अर्ज लागतो, मग सुनावणी होते. सुनावणी असते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. चाळिशीतल्या माणसाला ते जमत नाही. पण आपल्यापैकी बहुतेक जण निवृत्त झालोय किंवा होतोय. ग्रुपवर रात्री साडेबारापर्यंत टाइप करणारी ही मंडळी एक पानभर हरकत नक्की लिहू शकतात. 'आमचा विरोध आहे' एवढं लिहून उपयोग नाही. गल्लीचं नाव, सध्याची रुंदी फीत लावून मोजलेली, दोन्ही बाजूंच्या इमारतींचे मजले, कोणतं झाड, कोणती विहीर, असं लिहा. मोजमाप असलेली हरकत बाजूला सारणं अधिकाऱ्याला जड जातं.

शेवटचं, आणि हे परवानगी घेऊन सांगतोय. आपले भूगोलाचे सर ज्या इमारतीत ४८ वर्षं भाड्याने राहतात, तिला गेल्या महिन्यात नोटीस आली. सर मालकाच्या विरोधात नाहीत, पाडण्याच्याही विरोधात नाहीत. त्यांना मापाचा दाखला, तात्पुरत्या जागेचं भाडं आणि नव्या जागेचा करार, हे तिन्ही नोंदणीकृत कागदावर हवंय, आणि ते घर सोडण्याआधी. त्या इमारतीत अशी ११ कुटुंबं आहेत. वर्गातल्या दोघा वकिलांनी होकार दिलाय, ऑडिट मी पुन्हा करून देतोय, फी न घेता. येत्या शनिवारी सकाळी दहाला सरांच्या घरी बसायचं आहे. भाडेपावत्या, वीजबिलं आणि जुनं रेशनकार्ड शोधायला दोन माणसं हवी आहेत. सरांच्या माळ्यावर बरेच गठ्ठे आहेत आणि शिडी एकच आहे.