आजीच्या अंगात रक्त का टिकत नाही?



घरातलं म्हातारं माणूस दमलं, की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढल्या की धाप. तपासलं तर रक्त कमी. मग लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे सुरू. रक्त थोडं वाढतं, पुन्हा उतरतं. हंड्याला बारीक चीर असेल, तर वरून कितीही पाणी ओता, तो भरत नाही. म्हणून अशा वेळी विचारायचं, रक्त कुठून जातंय का?

साठीनंतर काहींच्या आतड्याच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, नाजूक होतात. बहुतेकदा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला. डॉक्टर याला अँजिओडिस्प्लेजिया म्हणतात. तिथून रक्त पाझरतं, आपोआप थांबतं, पुन्हा सुरू होतं. पोट दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा हृदयाची झडप अरुंद असलेल्यांत हे जास्त आढळतं.

आता लाज बाजूला ठेवून सासूबाईंना, मामंजींना विचारा, परसाकडला कसं होतं? शी डांबरासारखी काळी, चिकट, फार घाण वासाची असेल किंवा लाल रक्त पडत असेल, तर दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. कधी रक्त डोळ्यांना दिसतच नाही, शी तपासल्यावरच कळतं. मूळव्याधच असेल असं धरून झाडपाला घेत बसू नका. अल्सर किंवा कर्करोगही असू शकतो.

हिमोग्लोबिन बाईचं 12 च्या आणि पुरुषाचं 13 च्या खाली असेल, तर ते कमीच. गोळ्या नीट घेऊनही वाढत नसेल, तर मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. पाझरणारी जागा सापडली, तर पुष्कळदा त्याच दुर्बिणीतून ती शेक देऊन बंद करता येते, पोट फाडावं लागत नाही. त्रास पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून नंतरही रक्त तपासत राहायचं.

दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या परस्पर आणू नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. खूप रक्त गेलं, घाम फुटला, भोवळ आली, तर लगेच 108 ला फोन करा.

येत्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करू या. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांनी त्याचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते सांगायचं. आठवत नसेल, तर त्याच आठवड्यात आशाताईंना सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जायचं.