खेचरवाला आणि एसटीचा चालक



डोंगरावरच्या पुस्तकाबद्दल बोलायचं ठरलं, तेव्हा कुणीतरी शिखर सर केल्याची गोष्ट ऐकायला मिळेल अशी संयोजकांची अपेक्षा असणार. आज शिखर नाही. ज्यांना डोंगरावर जायचंच नव्हतं, किंवा जे तिथेच राहत होते, अशा माणसांबद्दल मी बोलणार आहे.

पुस्तक आहे नांदो पॅराडो यांचं 'मिरॅकल इन द अँडीज', २००६ साली आलेलं. घटना त्याहून ३४ वर्षं जुनी. १३ ऑक्टोबर १९७२ला उरुग्वेच्या हवाई दलाचं एक विमान रग्बीचा संघ आणि त्यांचे नातेवाईक-मित्र घेऊन चिलीकडे निघालं आणि अँडीज पर्वतात कोसळलं. विमानात ४५ माणसं होती. ७२ दिवसांनी १६ परत आली. पॅराडो तेव्हा २२ वर्षांचा. कवटी फुटून तीन दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा आई गेली होती, आणि बहीण पुढच्या काही दिवसांत त्याच्या कुशीत गेली.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात अशी पुस्तकं वाचनालयातून कमी आणि ट्रेनिंग हॉलमधून जास्त पोचतात. एसी हॉल, पडद्यावर बर्फाचा फोटो, त्यावर मोठ्या अक्षरात 'जिद्द', आणि नंतर जेवण. पॅराडो स्वतःही पुढे कंपन्यांमधून व्याख्यानं द्यायला लागले, तेव्हा दोष फक्त आपल्या एचआरवाल्यांना देता येणार नाही. पण पुस्तक नीट वाचलं तर ही स्लाइड टिकत नाही. जिद्द मेलेल्यांकडेही होती. पहिल्या दिवसापासून जखमींची, झोपण्याच्या जागेची, खाण्याच्या वाटणीची व्यवस्था लावणारा कप्तान मार्सेलो पेरेझ २९ ऑक्टोबरच्या रात्री हिमकडा कोसळला त्यात गेला. शोध थांबवल्याची बातमी ट्रान्झिस्टरवर ऐकून, आता आपल्यालाच बाहेर पडायचंय म्हणजे ही चांगलीच बातमी, असं सगळ्यांना सांगणारा गुस्तावो निकोलिचही त्याच रात्री गेला. त्या एका रात्रीत आठ जण. यातल्या कुणाची जिद्द कमी पडली?

मग पुस्तकात आहे काय? माझ्या वाचनात तरी त्यात मुख्य आहे ते काम. हाताने करायचं, वाटून घ्यायचं काम. भोवती मैलोगणती बर्फ, आणि प्यायला पाणी नाही. बर्फ तोंडात धरला की ओठ फाटतात, अंग आणखी गार पडतं. त्यांच्यातल्या फितो स्ट्राउखने आसनाच्या पाठीतला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काढला, त्याला पन्हळीसारखा बाक दिला, वर पातळ बर्फ पसरला आणि तो उन्हात तिरका धरला. वितळलेलं पाणी थेंबथेंब बाटलीत. टूल रूममध्ये ज्याने आयुष्य काढलंय त्याला या पत्र्याचा कोन डोळ्यांसमोर दिसेल. चकाकीने डोळे जाऊ नयेत म्हणून कॉकपिटमधल्या रंगीत प्लॅस्टिकचे चष्मे झाले. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून आसनांच्या गाद्या बुटांना बांधल्या. शेपटीच्या भागातलं इन्सुलेशन काढून तीन जण मावतील अशी झोपायची पिशवी शिवली. शिवणाऱ्यांत कार्लितोस पाएझ पुढे, कारण त्याच्या आईने त्याला लहानपणी शिवण शिकवलं होतं.

तुमच्यातल्या काहींच्या मनात जो प्रश्न आहे तो टाळत नाही. होय, ते मृतांचं मांस खाऊन जगले. अन्न संपलं होतं, त्या उंचीवर गवताची काडीही उगवत नव्हती. त्यावर नाक मुरडणं सोपं आहे. मला मात्र तिथेही ते काम कसं वाटून घेतलं गेलं हे महत्त्वाचं वाटतं. स्ट्राउख भावंडांनी ते स्वतःकडे घेतलं, आणि कोणाचा देह आहे हे बाकीच्यांना कळू नये याची काळजी घेतली. इतरांचं ओझं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. हे कुठल्या स्लाइडवर बसवणार?

आणि चुका. मरणाच्या दारातला सहवैमानिक सांगत राहिला की चिलीतलं कुरिको मागे पडलंय. उंचीमापक सुमारे ७,००० फूट दाखवत होता. ते होते साडेअकरा हजार फुटांच्या वर. म्हणजे चिली हाकेच्या अंतरावर, पश्चिमेचा डोंगर चढला की खाली गाव, असा हिशेब त्यांनी केला. प्रत्यक्षात पूर्वेला २०-२१ किलोमीटरवर एक बंद पडलेलं हॉटेल होतं. रेडिओचंही तेच. शेपटीच्या तुकड्यात बॅटऱ्या सापडल्या, त्यांनी दिवसच्या दिवस तारा जोडल्या. बॅटरी २४ व्होल्ट डीसी, आणि रेडिओला हवा ११५ व्होल्ट एसी. मेंटेनन्सला असलेल्या एखाद्याने इथे कपाळाला हात लावलाच असेल.

१२ डिसेंबरला तिघे निघाले. अन्न पुरावं म्हणून एकाला परत पाठवलं, आणि पॅराडो व वैद्यकीचा विद्यार्थी रोबेर्तो कानेसा पुढे चालत राहिले. दहाएक दिवसांनी नदीच्या पलीकडच्या काठावर त्यांना घोड्यावरची माणसं दिसली. मला जे सांगायचंय ते इथे आहे. त्यांच्यातला सेर्जिओ कातालान हा गुरं राखणारा, खेचरं हाकणारा माणूस. पाण्याच्या आवाजात शब्द कळेनात. तो एवढंच ओरडला, की उद्या. दुसऱ्या दिवशी खरंच आला. कागद-पेन्सिल दगडाला बांधून पलीकडे भिरकावली, उत्तर वाचलं, पाव फेकला, आणि पोलीस चौकी गाठायला दहाएक तास घोडा हाकत गेला. दोन फाटके, दाढी वाढलेले अनोळखी तरुण बघून तो सरळ निघून गेला असता, तर त्याला कोण विचारणार होतं? कातालान २०२० साली वारले. पुस्तकात ते येतात शेवटी शेवटी, थोड्या पानांत. आत्मकथन म्हटलं की हे होणारच. लिहिणारा मध्यभागी असतो. म्हणून असं पुस्तक वाचताना कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं लागतं.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. चाकणहून राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे धरण, आणि पुढे माळीण. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भीमाशंकरच्या बाजूला आपल्या गाड्यांच्या रांगा लागतात, तोच हा परिसर. ३० जुलै २०१४, बुधवार. रात्रभर मुसळधार पाऊस, आणि सकाळी डोंगराचा एक तुकडा गावावर आला. १५१ माणसं गेली. चिखलाखाली माणसं होती आणि ही बातमी अजून बाहेर पोचली नव्हती. ती दिली एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीवर तो आला, आणि गाव जिथे असायचं तिथे गाव नव्हतं. तो मागे फिरला आणि त्याने कळवलं.

कातालान आणि हा चालक, दोघेही बचावपथकातले नव्हते. दोघेही रोजच्या वाटेवर होते. मात्र त्या वाटेवर रोज काय दिसतं हे त्यांना पाठ होतं, म्हणून वेगळं काही दिसल्यावर ते थांबले. मला विचाराल तर जीव वाचण्याच्या गोष्टीत जिद्दीपेक्षा हे जास्त वेळा कामाला येतं.

माळीणचं 'मिरॅकल इन द अँडीज' आपल्या कपाटात नाही. वर्तमानपत्रांच्या रकान्यांत तुकडे आहेत. ढिगाऱ्याखालून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि तासन्‌तास गाडली गेलेली आई आणि तिचं तान्हं बाळ जिवंत निघालं, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल, कारण तो सगळीकडे छापून आला. आश्रमशाळेत असलेली मुलं, त्या दिवशी कामासाठी बाहेर असलेले लोक, यांच्याबद्दल दोन-दोन ओळी. ते वाचले ते गावात नव्हते म्हणून. यात जिद्दीला जागाच नाही, आणि अशा वाचण्याचं पुस्तक करायला प्रकाशक पुढे येत नाहीत. दुसरंही एक कारण आहे. पॅराडोला परत जायला माँटेव्हिडिओ होतं, वडील होते, घर होतं. गोष्टीला शेवट होता. माळीणकराला परत जायचं होतं ते माळीणलाच. नवं गाव जवळच आमडे इथे उभं राहिलं, २०१७च्या एप्रिलमध्ये घरं ताब्यात मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात रस्ते खचल्याच्या, भिंतींना तडे गेल्याच्या बातम्या आल्या. ज्याची आपत्ती दर जूनमध्ये पुन्हा दारात उभी राहते, त्याने आत्मकथन लिहायला कधी बसायचं?

आणि चुकांचं प्रकरण इथेही आहे. उतार कापून भातखाचरं करायची पडकई ही डोंगरातली जुनी, एकमेकांना हात देऊन करायची रीत. तिच्यात यंत्रं शिरली, उतार सपाट होत गेले, पाण्याला वाट राहिली नाही, असा आरोप झाला. भुसभुशीत झालेला खडक, पाऊस आणि उताराशी झालेली छेडछाड, ही कारणं तज्ज्ञांनीही सांगितली. सगळा दोष पडकईवर टाकणं मला पटत नाही. भात पिकवायचाच नाही तर तिथे राहायचं कशावर? पुढे अशीच दरड कोसळून तळिये झालं, २०२१च्या जुलैत. इर्शाळवाडी झाली, २०२३च्या जुलैत. पावसाचे तेच दिवस, तसेच उतार, आणि पायथ्याला तशाच वाड्या.

माळीणचा ढिगारा उपसायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान तळेगावहून गेले. त्या दलाच्या पाचव्या बटालियनचं ठिकाण सुदुंबरे, चाकणपासून जवळच. सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी मूळचे चाकणचे, तेलाचा घाणा चालवणारे. तुकोबांचे अभंग त्यांनी वह्यांत उतरवून ठेवले अशी आपली परंपरा सांगते. चाकणला लिहून ठेवणाऱ्याचा असा वारसा आहे, आणि कारखान्यांच्या बोर्डांच्या गर्दीत तो आपण विसरतो.

म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. पुढच्या वर्षी बाहेरून गिर्यारोहक बोलावण्यापेक्षा, आपल्यातल्या आंबेगाव-खेड तालुक्यांतल्या पोरांना वही आणि रेकॉर्डर घेऊन गावी पाठवा. चाकणच्या शॉप फ्लोअरवर त्या डोंगरातली पोरं काम करतात, त्यांना तिथली बोली येते, आणि कुणाला काय विचारू नये हेही कळतं. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात पहिल्याच दिवशी जाऊ नका. बोलावंसं वाटलं तर तेच बोलावतील. आधी एसटीचे चालक-वाहक, चिखलात पोकलेन चालवणारे, घोडेगावच्या दवाखान्यात त्या आठवड्यात ड्यूटीवर असलेल्या नर्स, जवानांना चहा-भाकरी पोचवणाऱ्या शेजारच्या गावच्या बायका यांना विचारा. त्या सकाळी पहिला फोन कुणाला लागला, रस्ता कुठे अडला होता, कोणत्या फाट्यावरून यंत्र फिरवावं लागलं, हे त्यांना विचारा, आणि ते सांगतील तसंच्या तसं लिहून घ्या.