भिंतीवरचे बटण



आज टीव्हीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. टीव्हीवर काय पाहावे, ते मी सांगणार नाही. ते तुमचे तुम्ही ठरवा. टीव्ही घरात कसा मांडावा आणि त्याचे बिल कसे कमी करावे, एवढेच सांगतो.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे गावात एखाद्याच घरी टीव्ही असे. सारी आळी तिथे जमायची. आता पुष्कळ घरांत टीव्ही आहे. टीव्ही नवा आला, पण कित्येक घरांतली वायर जुनीच राहिली. खरा धोका तिथे आहे.

पहिली गोष्ट जागेची. टीव्ही डुगडुगत्या स्टुलावर ठेवू नका. आजचे टीव्ही पातळ असतात. लहान मूल धरून उभे राहू लागले, की टीव्ही त्याच्या अंगावर यायचा. तो भिंतीला पक्का बसवा, नाहीतर रुंद, जड टेबलावर मागे सरकवून ठेवा. टीव्ही चालला की तापतो. त्याच्या चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडा. चालू टीव्हीवर कापड टाकू नका. जवळ समई, उदबत्ती किंवा पाण्याचा तांब्या ठेवू नका.

दुसरी गोष्ट वायरीची. कोणी प्लग तुटला म्हणून उघड्या तारा बोर्डात घालतो आणि वर काडी खोचतो. असे कधी करू नका. ती तार निसटली आणि पोराचा हात लागला, तर जीव जाईल. प्लगला तीन पाय असतील, तर तिसरा पाय मोडू नका. तो अर्थिंगचा पाय आहे. वस्तूच्या धातूच्या भागात वीज उतरली, तर ती त्या वाटेने जमिनीत जाते. ही वाट नसेल, तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. घराबाहेर अर्थिंगचा खड्डा असतो. उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. कोरडी माती वीज नीट घेत नाही.

आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा आहे आणि ते जिवावरचेही आहे. वायरिंगचे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच मिळतो. तो मेन बोर्डात बसवायला त्याला सांगा.

एवढे करूनही कोणाला शॉक लागला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर सारा आणि लगेच दवाखान्यात न्या. टीव्हीने पेट घेतला, तरी आधी मेन बंद करा. त्यावर पाणी ओतू नका. कोरडी वाळू किंवा माती टाका.

तिसरी गोष्ट पावसाची. वळवाचे ढग दाटले की बटण बंद करा आणि प्लग काढून ठेवा. छत्रीकडून येणारी वायरही डब्यातून काढा. वीज त्या वायरीनेही घरात येते. हे काम ढग लांब आहेत तोवर करा. कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नका. छत्री हलली म्हणून पावसात पत्र्यावर चढू नका. आणि विजेच्या तारांजवळ छत्री मुळीच लावू नका.

चौथी गोष्ट बिलाची. हजार वॉटची वस्तू एक तास चालली, की एक युनिट होते. समजा, तुमचा टीव्ही ४० वॉटचा आहे. तो रोज ५ तास चालला, तर महिन्याला ६ युनिट होतात. हे काही फार नाही. आता डिशच्या डब्याकडे पाहा. रिमोटने बंद केला, तरी लाल दिवा जळतो. डबा निजलेला दिसतो, पण जागा असतो. पुष्कळ डबे तेव्हाही चालू असल्याइतकीच वीज खातात. डबा १० वॉटचा धरा. उरलेले १९ तास तो तसाच राहिला, तर महिन्याला जवळजवळ ६ युनिट होतात. म्हणजे पाहिलेल्या टीव्हीला सहा आणि न पाहिलेल्या डब्यालाही जवळजवळ सहा!

कोणी म्हणेल, "डबा बंद केला, तर पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो." लागतो खरा. पण दोन-चार मिनिटांचाच. तेवढ्यात चहा होतो.

पडद्याचा उजेडही कमी ठेवा. नव्या टीव्हीचा उजेड दुकानातला झगमगाट असतो. घरात तेवढा लागत नाही. नवा टीव्ही घेताना चिठ्ठीवरचे तारे मोजा. एकाच मापाच्या दोन टीव्हींत ज्याला तारे जास्त, तो वीज कमी खातो. मोठा पडदा मात्र जास्तच खातो. घराच्या मापाने घ्या.

तर मंडळी, रोज निजण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करा. वादळाची चिन्हे दिसली, तर प्लगही काढा. त्याने बिल वाचते आणि घरही वाचते. बटणापर्यंत हात पोहोचेल अशीच जागा टीव्हीला द्या. आज घरी गेलात, की बोर्डाकडे एकदा पाहा. काडी खोचलेली दिसली, तर मेन बंद करा आणि उद्याच वायरमनला बोलवा.

रामराम.