कोरड्या रानाचा संसार



‘अरण्य’ हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें गर्द झाडी, ओलसर सावली आणि खळखळणारे ओढे उभे राहतात. आश्रमांचीं वर्णनें आणि कोकणांतल्या सुट्ट्या यांनीं आपली ही कल्पना घडविली आहे. म्हणून वैशाखांत मनमाडहून भुसावळकडे जातांना गाडीच्या खिडकींतून जे करडे, उघडे डोंगर दिसतात त्यांस अरण्य म्हणावयास आपलें मन धजत नाहीं. ‘काय ओसाड मुलूख हा!’ असें म्हणून आपण खिडकी लावून घेतों. या ‘ओसाड’ शब्दाविषयींच आज मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं. एखाद्या जमिनीला ओसाड म्हटलें कीं तिचें पुढें काय करावयाचें हेंहि आपण त्या शब्दाबरोबरच ठरवून टाकतों.

हीं कोरडीं रानें म्हणजे खऱ्या अरण्याचीं गरीब नातलगें अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागेल. मर्फी व लुगो या शास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं घेतलेल्या आढाव्यांत, उष्ण कटिबंधांतील एकंदर वनांपैकीं सुमारें ४२ टक्के वनें या कोरड्या वर्गांत मोडतात असा अंदाज दिला आहे. आपल्याकडे चॅम्पियन यांनीं १९३६ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील वनांचें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. त्यांत ‘शुष्क पानगळी’ आणि ‘कांटेरी’ असे दोन स्वतंत्र वर्ग मानले आहेत. सातपुडा, अजिंठ्याचे डोंगर व विदर्भाचा बराच भाग पहिल्या वर्गांत येतो. देशावरचा पर्जन्यछायेंतील मुलूख बव्हंशीं दुसऱ्या वर्गांत येतो.

शिवाय आपण शहरांतलीं माणसें या रानांस वाटतों तितकीं परकीं नाहीं. दसऱ्याला सोनें म्हणून लुटतों तो आपटा, शंकराला वाहतों तो बेल, मुंजींत बटूच्या हातीं देतों तो पळसाचा दंड, विड्यांतील कात ज्याच्या गाभ्यापासून निघतो तो खैर, आणि बाळंतिणीच्या लाडवांत ज्याचा डिंक पडतो तो धावडा, हीं सगळीं मंडळी याच रानांतलीं. आपल्या घरांतले मंगल प्रसंग कोरड्या रानावांचून पार पडत नाहींत, आणि तें रान मात्र आपल्या ओळखीचें नाहीं.

आतां या रानाचा संसार कसा चालतो तें पाहूं. पहिली गोष्ट पावसाची. महाबळेश्वरीं वर्षाला सरासरी सुमारें ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथें आपला भार उतरून ढग पूर्वेकडे सरकतात आणि फलटण, माण या भागांत पोहोंचेपर्यंत ५०० मिलिमीटरच्या आसपास देण्यापुरतेंच त्यांच्यापाशीं उरतें. तेंहि दान चार महिन्यांत आटोपतें. उरलेले सातआठ महिने झाडांना जवळच्या शिलकीवर काढावे लागतात.

या शिलकीला गळती लागते ती पानांमधून. पानाच्या अंगावर अतिशय सूक्ष्म छिद्रें असतात, त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. त्यांतून हवेंतील कर्बवायु आंत घेऊन झाड आपलें अन्न तयार करतें. पण तीच दारें उघडीं असतांना आंतलें पाणी वाफ होऊन बाहेर जातें. दारें उघडीं ठेवावीं तर तहानेनें मरावें, आणि लावून घ्यावीं तर भुकेनें. कोरड्या रानांतील एकेका वनस्पतीचा आकार, रंग व ऋतुचर्या हीं या एका पेंचाचीं निरनिराळीं उत्तरें आहेत.

सर्वांत ठळक उत्तर म्हणजे पानेंच टाकून देणें. सागाचीं वाळलेलीं पानें पायांखालीं चुरतांना ऐकून आपल्याला वाटतें कीं झाड मेल्यासारखें झालें. पण लांबच्या प्रवासाला निघालेला दक्ष गृहस्थ जसा दागिने व कागदपत्रें नीट ठेवून मगच घराला कुलूप लावतो, तसें झाड पानांतील नत्र, स्फुरद इत्यादि मोलाचीं द्रव्यें आधीं फांद्यांत व खोडांत ओढून घेतें, देठाशीं एक बूच तयार करतें, आणि मगच पान सोडतें. खालीं पडतें तें पान बरेंचसें रिकामें असतें. पानगळ ही अशी हिशेबानें केलेली आवराआवर आहे.

दुसरें उत्तर खोल जाण्याचें. खानदेशांतील अंजन वृक्ष पाहा. त्याचीं आपट्याची आठवण करून देणारीं जोडपानें चैत्राच्या सुमारास थोडे दिवसच नाहींशीं होतात. एरवीं उन्हाळ्यांतहि तो हिरवा राहूं शकतो. त्याचें सोटमूळ खडकाच्या फटींतून थेट खालच्या ओलीपर्यंत पोहोंचतें. त्याचें लांकूड इतकें कठीण व जड कीं पाण्यांत टाकल्यास बुडतें.

तिसरें उत्तर सांठवणीचें. डोंगरउतारावर पांढऱ्या, कागदासारख्या सालीचा कांडोळ आपण पाहिला असेल. चांदण्या रात्रीं तो भुतासारखा दिसतो म्हणून कित्येक ठिकाणीं त्याला भुत्याच म्हणतात. त्याचें लांकूड मऊ असतें व त्यांत पाणी सांठून राहतें. वरची पातळ साल खरवडली तर खालीं हिरवा थर दिसतो, म्हणजे पानें नसतांनाहि तो थोडाबहुत स्वयंपाक सालींतच करतो. त्याच्या डिंकाला मोठी मागणी आहे, आणि त्या लोभानें खोल खांचा पाडल्यामुळें पुष्कळ झाडें मेलीं आहेत.

मऊ लांकूड आणि कठीण लांकूड हा भेद वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. आपल्यासारखाच अर्धें वर्ष पाऊस व अर्धें वर्ष उघडीप असलेला प्रदेश मध्य अमेरिकेंतहि आहे. तेथील कोस्टा रिका देशांतल्या रानांचा अभ्यास करून बोर्चर्ट यांनीं १९९४ सालीं असें दाखविलें कीं, हलक्या लांकडाचीं झाडें खोडांतील पाण्याच्या बळावर भर कोरड्या दिवसांत फुलूं शकतात. कोरड्या जागेवरच्या कठीण लांकडाच्या झाडांना मात्र पावसाची वाट पाहावी लागते. म्हणजे एकाच डोंगरावर, एकाच उन्हांत, शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांचें पंचांग वेगळें असूं शकतें.

या पंचांगांतील एक नवल असें कीं, पुष्कळ झाडें पावसाच्या आधींच, कडक उन्हांत, नवी पालवी काढतात. ही उधळपट्टी कशासाठीं? मुरली व सुकुमार यांनीं निलगिरीच्या पायथ्याशीं असलेल्या मुदुमलैच्या रानांत याचा शोध केला व १९९३ सालीं तो प्रसिद्ध केला. पाऊस पडूं लागला कीं पानें खाणारे किडे व अळ्या यांची संख्या बेसुमार वाढते. आधीं पालवलेल्या झाडांचीं पानें तोंवर जून होऊन गेलेलीं असतात, व त्यांचें नुकसान कमी होतें. मृगापूर्वींची ती कोंवळी पालवी म्हणजे शत्रु येण्यापूर्वीं बांधलेला कोट होय.

पळसानें फाल्गुनांत निष्पर्ण अंगावर फुलण्यांतहि असाच लाभ असावा. पानांचा आडपडदा नसल्यामुळें तीं केशरी फुलें दुरून दिसतात, आणि मधासाठीं आलेले पक्षी एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात.

माळावर उतरलें कीं उत्तरें आणखी निराळीं. नेपतीनें पानांचा नाद जवळजवळ सोडूनच दिला आहे. तिच्या हिरव्या काटक्याच पानांचें काम करतात. निवडुंगानें वेळच बदलून घेतली आहे. तो आपलीं पर्णरंध्रें रात्रीं गारव्यांत उघडतो, कर्बवायु आम्लाच्या रूपानें सांठवितो, आणि दिवसां दारें लावून घेऊन त्याचें अन्न करतो. आपला जुना निवडुंग एरंडाच्या कुळांतला, व फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेंतला, अगदीं वेगळ्या कुळाचा. दोघांचा नातेसंबंध नाहीं; पण एकाच संकटानें दोघांस एकच युक्ति शिकविली.

परंतु या रानाची खरी तिजोरी आहे ती जमिनीखालीं. ट्रूप यांनीं १९२१ सालीं हिंदुस्थानांतील वृक्षांविषयीं जो तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत एका विलक्षण गोष्टीची नोंद आहे. कित्येक झाडांचें लहान रोप उन्हाळ्यांत वरून जळून जातें, पावसांत पुन्हां फुटतें, पुन्हां जळतें. असें वर्षानुवर्षें चालतें, आणि दरम्यान खालचें मूळ मात्र जाड होत जातें. पुरेशी पुंजी जमली कीं एके वर्षीं तें रोप वर येतें व टिकतें. वीतभर दिसणारें तें रोप खालच्या मुळाच्या मानानें चांगलें वयस्क असूं शकतें. खरपुडीसारख्या कंदवर्गीय वनस्पती तर आठ महिने दृष्टीसहि पडत नाहींत. कुसळी गवताचें बीं आणखी चतुर. त्याच्या लांब कुसाला ओल लागली कीं पीळ उलगडतो, वाळलें कीं पुन्हां पडतो. आणि या वळण्यासरशीं बियाचें टोंक स्क्रूप्रमाणें मातींत शिरतें.

येथवर ऐकलेंत, तर ‘ओसाड’ शब्दाचा अन्याय आपल्या ध्यानीं येईल. आतां त्याचा परिणाम पाहूं. २००० सालीं देशांतील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. त्यांत झुडपांनीं व्यापलेले माळ पडीक जमिनींत गणले गेले. पडीक म्हटलें कीं त्यावर कांहींतरी उभारावें असें वाटणें स्वाभाविकच आहे. कोणी कारखाना उभारतो, कोणी झाडें लावतो. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत आपल्या राज्यानें ५० कोटि रोपें लावण्याचा संकल्प सोडला होता. अशा कार्यामागील हेतूबद्दल मला आदरच आहे. परंतु झाड कोठें लावावें, हा प्रश्न किती लावावीं याच्या आधीं विचारला गेला पाहिजे. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेंतील गिरिपुष्पाची लागवड पूर्वीं झाली. डोंगर हिरवा झाला खरा. पण त्या दाट सावलींत माळाचें ऊन मागणारें गवत व कंद यांना जागा उरली नाहीं. जेथें गवत गेलें तेथून काळवीट व माळढोक यांचाहि ठाव उठतो, आणि धनगरांच्या मेंढ्यांना पुढचा मुक्काम शोधावा लागतो. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य करावें लागलें, तें त्या पक्ष्याला झाडी नव्हे, मोकळें गवत लागतें म्हणूनच.

कोणी म्हणेल, ‘हे माळ मुळांत अरण्यच होते, माणसानें तोडून ते उघडे केले.’ कांहीं डोंगरांविषयीं हें अगदीं खरें आहे. परंतु सर्वच माळांविषयीं तें खरें नाहीं, आणि याची साक्ष आपल्या मराठी वाङ्मयानेंच दिली आहे. दिग्विजय पाटील व आशीष नेर्लेकर या संशोधकांनीं तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, आख्यानें व लोकगीतें यांत आलेल्या रानटी वनस्पती शोधून काढल्या व आपले निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध केले. त्या वनस्पतींपैकीं निम्म्याहून अधिक मोकळ्या गवताळ, कांटेरी मुलखांतल्याच निघाल्या. पंढरपुरीं संत कान्होपात्रेच्या स्मृतीशीं निगडित असलेलें तरटीचें झाड याच कुळींचें. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ निदान साडेसातशें वर्षें तरी माळच आहे. आपल्या संतांनीं जो मुलूख पायीं तुडविला तो असाच विरळ, कांटेरी व उन्हाचा होता.

तेव्हां तोडून उघडें पडलेलें रान आणि मुळांतच मोकळा असलेला माळ यांत भेद करावयास आपण शिकलें पाहिजे. जेथें जुन्या बुंध्यांना धुमारे फुटत आहेत तेथें रान होतें. त्याला नव्या रोपांपेक्षां विश्रांति हवी आहे. कुऱ्हाड, वणवा व गुरें यांपासून कांहीं वर्षें त्याला राखावें. जमिनींतील पुंजी आपोआप वर येईल. आणि जेथें जुन्या गवताचे थोंब व कंद आहेत, तेथें खड्डे खणणें म्हणजे भरलेली तिजोरी फोडून तींत वाळू भरणें होय.

पुढच्या पावसाळ्यांत आपल्या मंडळातर्फे, शाळेतर्फे वा कचेरीतर्फे वृक्षारोपणाचें आमंत्रण येईल. अवश्य जावें. परंतु पहिली कुदळ मारण्यापूर्वीं तेथील एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला किंवा धनगराला बाजूस घेऊन एवढेंच विचारावें: ‘बाबा, इथं आधीं काय काय उगवतं?’ तो बोटांवर नांवें मोजूं लागेल. तीं नांवें संपेपर्यंत कुदळ खालीं ठेवावी.