दगडी दांताची साक्ष

दगड झालेला एखादा दांत तळहातावर ठेवून ‘हा कोणाचा?’ असें विचारलें, तर उत्तर कोठून मिळावयाचें? दांतावर धन्याचें नांव कोरलेलें नसतें. परंतु तो धनी काय खात असे, हें मात्र तेथें लिहिलेलें असतें. ती लिपि वाचण्याची खटपट इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत राहणाऱ्या गिडिअन मँटेल नांवाच्या डॉक्टरानें केली. त्याची ही हकीकत आहे, श्रोतेहो.

मँटेल हा एका चांभाराचा मुलगा. रोगी पाहून उरलेला वेळ तो खडकांत घालवी. १८२२ च्या सुमारास त्याच्या संग्रहांत कांहीं मोठे, तपकिरी दांत आले. पहिला दांत त्याच्या पत्नीस रस्त्याच्या कडेस सांपडला, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, दांत मात्र खरे होते. त्यांच्या कडा करवतीसारख्या, एका अंगास उभ्या कण्या, आणि माथा तिरपा झिजलेला. झीज याचा अर्थ चर्वण. हा प्राणी पाला चावून खात होता!

पेंच येथेंच होता. आजचे सरपटणारे प्राणी बहुधा अन्न न चावतां गिळतात. चावून खाणें हें सस्तन प्राण्यांचें लक्षण. परंतु ज्या खडकांतून दांत आले, तो इतका प्राचीन कीं, त्यांत एवढे मोठे सस्तन प्राणी कोणासच आढळले नव्हते. दांत एक सांगे, खडक दुसरेंच सांगे. लंडनच्या विद्वानांनीं दांत मोठ्या माशाचे किंवा अलीकडील सस्तन प्राण्याचे ठरविले. वुलस्टन या एकट्या शास्त्रज्ञानें मँटेलला धीर दिला. १८२३ मध्यें लायल या भूगर्भशास्त्रज्ञानें एक दांत पॅरिसला क्यूव्हिएकडे नेला. त्या थोर पंडितानें सांगितलें, ‘हा गेंड्याचा दांत!’

मँटेलनें हट्ट सोडला नाहीं, परंतु नुसता वादही घातला नाहीं. त्यानें आणखी दांत जमविले: कांहीं कोरे, कांहीं अर्धे झिजलेले, कांहीं बुंध्यापर्यंत घासलेले. एकट्या दांतानें जें कळत नव्हतें, तें या मालिकेनें उलगडलें. १८२४ मध्यें क्यूव्हिएनें मोकळेपणानें चूक कबूल करून, हा शाकाहारी सरपटणारा प्राणी असावा, असें लिहिलें. त्याच वर्षीं लंडनच्या हंटर संग्रहालयांत स्टचबरी या तरुणानें इग्वाना सरड्याचा सांगाडा दाखविला. दांत लहान, पण घडण तीच! १८२५ मध्यें मँटेलनें आपल्या प्राण्यास ‘इग्वानोडॉन’ म्हणजे इग्वानाच्या दांतांचा, असें नांव दिलें. ‘डायनोसॉर’ हा शब्द ओवेननें १८४२ मध्यें काढला.

या यशाची किंमत घरानें मोजली. राहतें घर संग्रहालय झालें, वैद्यकी बसली. १८३८ मध्यें सारा संग्रह ब्रिटिश म्यूझियमला ४००० पौंडांस विकावा लागला आणि १८३९ मध्यें पत्नी घर सोडून गेली.

मँटेलही चुकला. सरड्याच्या प्रमाणानें हिशेब करून त्यानें प्राण्याची लांबी ६० फुटांवर नेली. पुढें १८७८ पासून बेल्जममधील बेर्निसार येथें सांगाडे निघाले, तेव्हां ती सुमारें ३३ फूट भरली. इतकेंच नव्हे, तर केवळ दांतांवरून नेमकी जात ठरत नाहीं, म्हणून २००० सालीं इग्वानोडॉन या नांवाचा आधार त्या दांतांवरून काढून बेर्निसारच्या सांगाड्यांना देण्यांत आला.

ज्याच्या पेटींत असे दांत असतील, त्यानें येवढें ध्यानांत ठेवावें. कडा, कण्या आणि झीज पाहावी. एका दांतावर विसंबूं नये. दांत आहार सांगतो, कूळ सुचवितो. आकारमानाची आणि नेमक्या नांवाची साक्ष त्याच्याकडून काढूं नये. आणि दांत कोणत्या गांवीं, कोणत्या खडकांत सांपडला, ही चिठी त्याच दिवशीं जवळ ठेवावी. ती हरवली म्हणजे अर्धा साक्षीदार मुका झाला.