कामोली : बायकांच्या घरांचं गाव

आज जरा लांब जाऊ, इटलीच्या किनाऱ्यावर. जिनोआ या मोठ्या बंदराच्या पूर्वेला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, कामोली नावाचं मासेमारांचं गाव आहे. जागा कमी, म्हणून घरं सहा-सहा, सात-सात मजली, एकमेकांना चिकटून, समुद्राकडे तोंड करून उभी. पिवळी, तांबडी, केशरी. काही खिडक्या तर नुसत्या रंगानं काढलेल्या! दर्यावरून परतणाऱ्याला आपलं घर लांबून ओळखू यावं म्हणून हे रंग, असं तिथं सांगतात.

‘कामोली’ म्हणजे ‘बायकांची घरं’, अशी या नावाची फोड लोक करतात. अभ्यासक दुसरेही अर्थ लावतात, पण मला हाच आवडतो. पुरुषमाणसं महिनोन्‌महिने जहाजावर असली की घर, म्हातारी माणसं, देणंघेणं कोण बघणार?

एकोणिसाव्या शतकात या गावाला ‘हजार पांढऱ्या शिडांचं गाव’ म्हणत. इथली शिडाची जहाजं काळ्या समुद्रावरून गहू आणायची. आता एवढ्याशा गावाला जहाजं परवडली कशी? तर एका जहाजाचे २४ हिस्से पाडायचे. या हिश्शाला तिकडे ‘कॅरट’च म्हणतात, आपल्या सोन्यासारखं. कुणी चार घेतले, कुणी एकच. आणि १८५३ साली जहाजमालकांनी आपसांतच विम्याची संस्था काढली. एकाचं जहाज बुडालं तर भरपाई सगळ्यांनी मिळून करायची. बचत गटातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण पुढे काय झालं तेही ऐका. वादळ एखाद्याचं जहाज बुडवतं, बाकीचे सावरून घेतात. आगबोटी आल्या तेव्हा मात्र शिडाच्या जहाजांचा धंदाच बसला, सगळ्यांचा मिळून. मग कोण कुणाला भरून देणार? अशा वेळी विमा कामाला आला नाही, शिक्षण आलं. गावात जहाजविद्येची शाळा होती. तिथं शिकलेली मुलं दुसऱ्यांच्या आगबोटींवर अधिकारी होऊन गेली.

मासेमारी मात्र अजून आहे. एप्रिल ते सप्टेंबर तिथं समुद्रात एक मोठं जाळं एकाच जागी लावून ठेवतात, कुप्याच्या जातीचे मासे धरायला. त्याचा मोठा भाग कशाचा, सांगा बघू? काथ्याचा! आपल्या कोकणात नारळाच्या सोडणापासून सुंभ वळतात ना, तोच काथ्या. माणसं बसून ते हातानं विणतात. हंगाम संपला की काथ्याचं जाळं कापून तिथंच समुद्रात सोडतात. नायलॉन तळाशी वर्षानुवर्षं पडून राहिलं असतं, काथ्या कुजून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा नवं विणायला बसायचं.